वडिलांपर्यंतचे मुक्काम

नगरपालिकेचं पत्र एप्रिलमध्ये आलं. दोनातो लाचेर्तोसाच्या वडिलांची मुदत संपली आहे, असं त्यात नम्रपणे कळवलं होतं.

वडील वारून तीस वर्षं झाली होती. मोन्तेलार्कोच्या दफनभूमीच्या भिंतीत, खालून तिसऱ्या ओळीत, त्यांचा कप्पा होता आणि तो तीस वर्षांच्याच कराराचा होता. एकोणीस जुलैला सकाळी नऊ वाजता कप्पा उघडायचा, आत जी काही हाडं उरली असतील ती छोट्या पेटीत भरायची आणि पेटी एका लहान खणात ठेवायची, असा नगरपालिकेचा बेत होता. नातेवाइकांनी हजर राहावं. कुणी हजर नसल्यास अस्थी सार्वजनिक अस्थिकुंडात टाकण्यात येतील. कळावे.

दोनातोनं पत्र दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. त्यातला एकच शब्द त्याला खुपला. ‘हजर’. कारण तीस वर्षांपूर्वी तो हजर नव्हता. ऑगस्ट महिना होता, सगळं तुरिन शहर सुट्टीसाठी दक्षिणेकडे लोटलं होतं. गाडीच्या बोळात उभ्यानं चौदा तास काढून, काळा टाय खिशात घालून तो गावात शिरला, तेव्हा लोक माती देऊन परतत होते. उन्हाळ्यात मृतदेह ठेवत नाहीत, थांबणार कोण. थोरली बहीण दारात उभी होती. तिनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “आलास?” बस, एवढंच. तो एक शब्द दोनातो तीस वर्षं पायातल्या काट्यासारखा वागवत होता.

त्यामुळे या खेपेला काही झालं तरी वेळेवर पोचायचं, हे त्यानं स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच ठरवलं. आयुष्यभर मोटारीच्या कारखान्यात रंगखात्यात काम केलेला माणूस तो. एका गाडीवर तीन हात रंग, दोन हातांमध्ये किती मिनिटं थांबायचं, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. त्यानं कागद घेतला आणि लिहिलं: अठरा जुलै, सकाळची जलद गाडी, संध्याकाळी फोज्जा. रात्री मुक्काम. एकोणीसला सहा पन्नासची बस, आठ वाजता मोन्तेलार्को. हाताशी एक तास शिल्लक.

“झालं,” तो म्हणाला.

“काय झालं?” बहीण म्हणाली.

थोरली बहीण आदोलोराता आता त्यांच्याकडेच राहत होती. नवरा गेल्यावर ती गाव सोडून तुरिनला आली ती कायमची. नावाचा अर्थच शोकाकुल, आणि बाईनं नाव राखलं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांची, काळ्या कपड्यांतली, सुजलेल्या पायांना पट्ट्या बांधून खिडकीशी बसायची आणि कोण कधी गेलं याची उजळणी करायची. मेलेल्यांच्या बाबतीत तिची स्मरणशक्ती दांडगी होती. जिवंत माणसांची नावं मात्र ती विसरायची.

“डॉक्टरनं मला दोन तासांवर बसायची बंदी केलीय,” ती म्हणाली. “आठ तास गाडीत बसवलंस तर तिथं एकाऐवजी दोन पेट्या लागतील.”

“ताई, गाडीत चालता येतं की मधे मधे.”

“चालता येत असतं तर डॉक्टर कशाला लागला असता?”

म्हणजे वाटेत थांबणं आलं. दोनातोनं कागद उलटा केला. आता त्याची बायको फेदोरा भांडी विसळता विसळता हात पुसत टेबलाशी आली. फेदोरा तुरिनचीच, मितभाषी. आणि मितभाषी माणसं तोंड उघडतात तेव्हा बरंच साठलेलं असतं.

“थांबायचंच आहे, तर समुद्रावर थांबू.”

“आपण सहलीला नाही चाललो, फेदोरा. बाबांची हाडं काढायला चाललोय.”

“एक्केचाळीस वर्षं झाली लग्नाला,” ती म्हणाली. “दर ऑगस्टला त्याच गाडीनं तुझ्या गावी जातोय. रीमिनीपासून पुढे समुद्र खिडकीला लागून असतो. तीन तास. लोक पाण्यात असतात आणि मी मांडीवर वांग्यांचा डबा धरून बसलेली असते. एकदा तरी उतरू म्हटलं की तू म्हणतोस, परतताना. परतताना तुला नेहमी कामावर वेळेवर जायचं असतं. आता तर तू निवृत्त झालास.”

दोनातोनं कागद पुन्हा सुलटा केला.

बहिणीची जागा ठरली बोलोन्या. तिथं एर्सिलिया राहत होती, पूर्वी तुरिनला यांच्या जिन्यावर बारा वर्षं समोरासमोर काढलेली. मुलानं नेली म्हणून गेली, नाहीतर गेली नसती. बायकोची जागा ठरली सेनिगाल्या. समुद्रापासून शंभर पावलांवर खोली, दोन रात्री. दोन का, तर सतरा तारखेला रेल्वेचा संप जाहीर झाला होता. दोनातोला हा बेत सुचला तेव्हा त्याची छाती फुगली. संपाच्या दिवशी सगळा देश फलाटावर घाम पुसत बसेल, तेव्हा आपली मंडळी छत्रीखाली. पंधराला निघायचं, बोलोन्यात एक रात्र, सोळा आणि सतरा समुद्र, अठराला फोज्जा, एकोणीसला बाबा. त्यानं तक्ता तयार करून फ्रिजवर चिकटवला. मे महिन्यातच फोज्जाच्या बसचं वेळापत्रकही छापून आणलं. इतकी जय्यत तयारी त्यानं स्वतःच्या लग्नाचीसुद्धा केली नव्हती.

पंधराला दुपारी ते बोलोन्यात उतरले. उकाडा असा की कमानींखालच्या सावलीलाही घाम फुटला होता. एर्सिलियासाठी नेलेल्या चॉकलेटांचा खोक्यात एकच गोळा झाला होता. घर सापडलं, फाटक सापडलं, आणि फाटकावर काळ्या चौकटीतला कागद सापडला. त्यावर एर्सिलियाचं नाव होतं.

तिघंही बराच वेळ तो कागद वाचत राहिली. तसं त्यात वाचण्यासारखं दोन ओळींपलीकडे काही नव्हतं.

“गेल्या सोमवारी तर फोनवर बोलली,” आदोलोराता म्हणाली. “कॉफीला ये म्हणाली. मी म्हटलं, येते. बोलावून स्वतः निघून गेली.”

“काल पहाटे गेल्या,” शेजारचा एक म्हातारा म्हणाला. “उद्या चार वाजता चर्चमध्ये.”

उद्या चार वाजता म्हणजे त्यांची समुद्राची गाडी सुटून पाच तास झालेले असणार. दोनातोनं घसा साफ केला. “ताई, आपण वर जाऊ. मुलाला भेटू, हात हातात घेऊ. मग उद्या सकाळी—”

“ओळखीच्या माणसाच्या दफनाला न थांबता पुढे जायचं?” आदोलोराता फाटकाकडेच बघत म्हणाली. “हो, जाऊ की. आपल्या घरात ती पद्धत आहेच म्हणा.”

काटा आत गेला तो खोलवर गेला. दोनातोनं बॅग खाली ठेवली. “थांबू,” तो म्हणाला.

सोळाला चार वाजता ते चर्चमध्ये होते. फार माणसं नव्हती. आदोलोरातानं मात्र जागा भरून काढली. घरचे लोकही रडले नसतील इतकी ती रडली. एर्सिलियाच्या मुलाला वाटलं, आईची कुणी बहीण आहे आणि आईनं आपल्यापासून लपवली. तो भलताच हेलावला. जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हणाला. जेवणात आईच्या हातचं शेवटचं सूप होतं, फ्रीझरमध्ये राहिलेलं. दोनातोचा चमचा वाडग्यात होता आणि लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे. शेवटची सोयीची गाडी निघून गेली तेव्हा त्याच्या वाडग्यात अजून मांस भरलेले कणकेचे दोन तुकडे तरंगत होते.

हॉटेलवर परतल्यावर त्यानं तक्ता पलंगावर पसरला आणि समुद्र खोडला.

फेदोरा बघत होती.

“उद्या संप आहे,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “पण सकाळी सहा ते नऊ गाड्या सोडतात, कायदाच आहे. सहाची पकडली की नऊला अँकोना; सेनिगाल्याला ती थांबत नाही. तिथं रात्र काढू, परवा फोज्जा. समुद्राचं... परतताना बघू.”

तिनं बॅगेतून पोहण्याचा नवाकोरा पोशाख काढला, त्याची घडी आणखी लहान केली आणि तळाशी ठेवला. ती ओरडली असती तर बरं, असं दोनातोला वाटलं.

सकाळी सहाची गाडी चुकली. आदोलोराताच्या पायांच्या पट्ट्या बांधायला चाळीस मिनिटं लागतात हे तक्त्यात कुठेच नव्हतं. एक पाय बांधून झाला तेव्हा सहा वाजले. पुढची गाडी साडेसातला. तीही त्या वेळात बसत होती म्हणून दोनातोनं निःश्वास सोडला. पण संपाचा कायदा त्यानं अर्धाच वाचला होता. नऊनंतर रुळावर असलेली गाडी फार तर तासभर पुढे जाते. नंतर चालक पहिल्या सोयीच्या स्टेशनात ती उभी करतो आणि उतरून घरी जातो.

दहाला पाच कमी असताना गाडी अशा एका स्टेशनात थांबली, जिथं एरवी जलद गाड्या शिटीसुद्धा वाजवत नाहीत. एक फलाट, एक बाक, बंद तिकीट खिडकी. चालक पिशवी हातात घेऊन उतरला.

“किती वेळ?” दोनातोनं विचारलं.

“सहापर्यंत,” चालक म्हणाला. “संध्याकाळी.”

“मला माझ्या वडिलांकडे पोचायचंय हो.”

“मलाही,” चालक म्हणाला. “जेवायला बोलावलंय त्यांनी.” आणि गेला.

फलाटाच्या पलीकडे रस्ता होता, रस्त्यापलीकडे काटेरी झुडपांची एक रांग, आणि त्यापलीकडे समुद्र. अगदी समोर. फेदोरानं बॅग उघडली, तळातला पोशाख काढला आणि कुणाला काही न विचारता रस्ता ओलांडला. दोनातो तीन बॅगा आणि एक बहीण घेऊन मागून गेला.

तो दिवस दोनातोच्या आठवणीत नीट राहिला नाही. त्याला एवढंच आठवतं की फेदोरा पाण्यात गेली ती कमरेपर्यंत जाऊन नुसती उभी राहिली, तुरिनच्या ट्रामची वाट बघावी तशी. पोहता येत नव्हतंच तिला. मग आदोलोरातानं काठावर खुर्ची मागितली. पट्ट्या सोडल्या आणि काळा झगा गुडघ्यापर्यंत वर घेऊन पाय पाण्यात सोडले. दुपारी तिथल्या छत्रीवाल्यानं तिला कलिंगडाची फोड आणून दिली. ती तिनं घेतली, आणि मेलेल्या नवऱ्याला कलिंगड किती आवडायचं ते त्याला सविस्तर सांगितलं. छत्रीवाल्याचाही भाऊ नुकताच गेला होता. दोघांचं छान जमलं.

“सहा वाजता निघायचंय,” दोनातो दर अर्ध्या तासानं म्हणत होता. “सहाला स्टेशनात.”

मग बॅगांना टेकून तो वाळूत बसला, टोपी डोळ्यांवर ओढली आणि झोपला.

जाग आली तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. फेदोरा केस विंचरत होती. घड्याळात सात चाळीस झाले होते.

“उठवलं का नाही?”

“तू इतका शांत झोपला होतास,” फेदोरा म्हणाली, “की आधी वाटलं गेलासच. मग ताई म्हणाल्या, श्वास चालू आहे, झोपू दे. असा झोपलेला मी तुला लग्नापासून पाहिला नव्हता.”

सव्वाआठची गाडी मिळाली, अँकोनाची खोलीही मिळाली. पण सूर्यानं आपलं काम केलं होतं. टोपी एका बाजूला घसरल्यामुळे दोनातोचा उजवा अर्धा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला होता आणि डावा होता तसाच पांढरा. सकाळी अंगात ताप भरला. उभं राहिलं की भिंती फिरायच्या. तक्त्यात ऊन लागण्याला जागा नव्हती, तरी ते लागलं होतं. दुपारी दोनपर्यंत तो ओला टॉवेल डोक्यावर घेऊन पडून राहिला, आणि बहीण उशाशी बसून अँकोनात कोणकोण वारलं ते आठवत राहिली.

फोज्जाला पोचेपर्यंत संध्याकाळ टळली होती. बसचं कार्यालय बंद. दोनातोनं छापलेलं वेळापत्रक काढलं, सहा पन्नासवर बोट ठेवलं आणि तापातही समाधानानं मान हलवली. एवढी एक गोष्ट तरी मे महिन्यापासून जागच्या जागी होती.

सकाळी सव्वासहाला तिघं बस थांब्यावर उभी होती. सहा पन्नास झाले. सात झाले. थांब्यावर त्यांच्याशिवाय एक कुत्रा होता, आणि तोही बसची वाट बघत नसावा. समोरच्या कॉफीवाल्यानं शटर वर केलं, थोडा वेळ या तिघांकडे पाहिलं आणि दयेपोटी विचारलं, “कुठं जायचंय?”

“मोन्तेलार्को. सहा पन्नासची.”

“ती शाळेची गाडी. शाळा जूनमध्ये बंद झाली.”

दोनातोनं कागद पुढे केला. कॉफीवाल्यानं तो उन्हाकडे धरला आणि अगदी तळाशी, माशीच्या पायाएवढं एक अक्षर होतं, त्यावर नखानं खूण केली. “हे बघा. फक्त शाळेच्या दिवशी. पुढची साडेअकराला.”

दोनातो त्या अक्षराकडे बघत राहिला. चष्मा होता, कागद होता, अडीच महिने होते. कुणाला दोष द्यावा तर आसपास दुसरं कुणीच नव्हतं. टॅक्सीवाल्याला फोन लावला, तो म्हणाला साडेनऊला येतो, त्याआधी एका आजारी बाईला इस्पितळात न्यायचंय. नगरपालिकेला फोन लावला, तो वाजत राहिला, वाजत राहिला. नऊ वाजले तेव्हा थांब्यावरच्या बाकावर आदोलोरातानं छातीवर क्रूस काढला.

“आता उघडत असतील,” ती म्हणाली.

दोनातोनं मान खाली घातली. बाबांचं नाव दोमेनिकांजेलो. एवढं लांब नाव मिरवणारा माणूस कुठल्या कोण अनोळखी हाडांत मिसळून जाणार. आणि का, तर मुलगा उन्हात झोपला म्हणून.

“माझ्यामुळे,” फेदोरा हळूच म्हणाली.

“तुझ्यामुळे नाही,” तो म्हणाला. हे वाक्य खरंच आहे हे त्याला बोलून झाल्यावर कळलं.

टॅक्सी दहा वाजता आली. कापून झालेल्या गव्हाच्या पिवळ्या टेकड्यांमधून वर चढत, वळणावळणाला आदोलोराताला थांबून पाय मोकळे करू देत, अकरा वाजून वीस मिनिटांनी ती दफनभूमीच्या दारात उभी राहिली. दोनातो दार उघडून जवळजवळ पळत आत गेला. तिसऱ्या ओळीतला कप्पा उघडा होता. आत काळोख, आणि काही नाही.

सरूच्या सावलीत एक धिप्पाड माणूस पाव आणि टोमॅटो खात बसला होता. हा इथला खणणारा, साविनो. त्यानं दोनातोच्या दोन रंगांच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, पण असले चेहरे रोज बघत असल्यासारखा शांत राहिला.

“लाचेर्तोसा? बसा.”

“हाडं कुठं आहेत?” दोनातोनं धापा टाकत विचारलं.

“हाडं नाहीत.”

“अस्थिकुंडात टाकली?”

“टाकायला हवीत ना. झालीच नाहीत अजून.”

“काय झाली नाहीत?”

“हाडं.” साविनोनं हात पुसले. “तुमचे वडील आहेत तसे आहेत. पूर्ण. जस्ताची पेटी डाग देऊन एवढी पक्की बंद केलीय की तीस वर्षांत आत वारा गेला नाही. दहातले चार असे निघतात. मग आम्हाला त्यांचं काही करता येत नाही. एकतर जाळायचं, नाहीतर पाच वर्षं जमिनीत पुरायचं, आणि दोन्हीला घरच्यांची सही लागते. म्हणून थांबलोय.” तो जरा थांबला. “तुम्ही नऊला आला असतात तरी हेच झालं असतं. फक्त मला न्याहारी मिळाली नसती.”

दोनातो खरोखरच खाली बसला. बाबा थांबले होते. जिवंतपणी कधी कुणासाठी पाच मिनिटं न थांबलेला माणूस.

“बघायचंय?” साविनोनं विचारलं. “सगळेच बघतात असं नाही.”

आदोलोराता भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. फेदोरानं तिचा दंड धरला. दोनातो साविनोच्या मागोमाग पत्र्याच्या शेडमध्ये गेला.

बाबा सुकले होते, तपकिरी झाले होते, घोड्याच्या जुन्या जिनासारखे. पण मिशी होती. कपाळावरची आठीही होती, दुपारच्या झोपेतून कुणी उठवल्यावर पडायची तीच. अंगात लग्नातला सूट. दोनातो बराच वेळ बघत राहिला. भीती वाटेल असं त्याला वाटलं होतं, पण वाटत होतं ते वेगळंच. बाबा सहासष्टाव्या वर्षी गेले. तो स्वतः आता अडुसष्टचा होता. समोर पडलेला हा रागीट माणूस त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होता, आणि त्याला उगाच वाटलं की आपण काहीतरी समजुतीचं बोलायला हवं.

“टाय कुठला आहे?” बाहेरून बहिणीचा आवाज आला.

“निळा.”

“निळा कसा असेल? मी तपकिरी काढून ठेवला होता.”

दोनातो दारात आला. “म्हणजे? तू नव्हता बांधलास? बाबांना तयार तूच केलंस ना?”

आदोलोराता भिंतीवरच्या नावांकडे बघत होती. इतकी ओळखीची नावं, पण ती एकही वाचत नव्हती.

“नाही,” ती म्हणाली.

“मग कुणी केलं?”

“मला काय माहीत. मला घेरी आली होती. डॉक्टरनं सुई दिली आणि मी आदल्या संध्याकाळपासून पडून होते. उठले तेव्हा घर रिकामं होतं. काळा झगा घातला आणि दारात येऊन उभी राहिले. तेवढ्यात तू आलास.”

“म्हणजे तू दफनाला—”

“नव्हते.”

सरूवर सिकाडा किडे किरकिरत होते. तीस वर्षं. नाताळात, वाढदिवसांना, परवा बोलोन्यात त्या फाटकाशी.

“आणि मला बोलत राहिलीस,” तो म्हणाला.

“तुझं बोलत राहिलं की माझं कुणी विचारत नव्हतं,” आदोलोराता म्हणाली. तिचा आवाज नेहमीच्या रडण्याचा नव्हता. कोरडा, लहान होता. “पहिल्या वर्षी सांगणार होते. मग राहिलं. मग सांगण्यासारखं उरलं नाही.”

“मग त्या दिवशी इथं होतं कोण?”

“बँड होता,” ती म्हणाली. “तेवढं ऐकू आलं होतं मला अंथरुणातून.”

“आणि माझे वडील,” साविनो म्हणाला. “कप्पा त्यांनीच बंद केला. माणसं बरीच होती, म्हणायचे. ऊन फार होतं.”

दोनातोला रागवायचं होतं. तशी संधी पुन्हा आली नसती. पण बहीण त्या उन्हात उघड्या पायांनी उभी होती. पट्ट्या बांधायला आज सकाळी वेळच मिळाला नव्हता, आणि सुजलेले पाय चपलांतून बाहेर आले होते. त्यानं शेडमधली खुर्ची उचलून तिच्याजवळ आणून ठेवली.

“बस,” तो म्हणाला. “दोन तास झाले नाहीत अजून.”

जाळायचं नाही, जमिनीत पुरायचं, हे दोघांनी न बोलताच ठरवलं. साविनोचा जोडीदार लहान यंत्रानं खड्डा खणून मोकळा झाला होता. पाद्री मिळाला नाही; तो दर शुक्रवारी दुसऱ्या गावी असतो. बाबांना दोरांवरून खाली सोडताना दोनातोनं एक दोर धरला. साविनोनं सांगितलं, गरज नाही, तरी धरला. आदोलोरातानं प्रार्थना म्हटली, मधली एक ओळ विसरली, आणि ती फेदोरानं पुरी केली. मग माती पडू लागली. मोन्तेलार्कोत टळटळीत बारा वाजले होते. अंत्ययात्रा म्हणावी तर तीन माणसांची, पण घरची जेवढी उरली होती तेवढी सगळी हजर होती. आदोलोराता रडली नाही. दोनातो रडला, आणि खारट पाणी उजव्या गालाला झोंबलं म्हणून आणखी रडला.

सगळं झाल्यावर साविनोनं पाटीवर अर्ज लावून आणला. सही इथे, तारीख इथे.

“पाच वर्षांनी पुन्हा उघडायचं,” तो म्हणाला. “तेव्हा झाली असतील. या मातीत होतातच.”

“तेव्हा मी इथंच असेन,” आदोलोराता म्हणाली. “मला प्रवास नको.”

“आणि इथं फोन नंबर लिहा. पत्रं हरवतात. वेळेवर येईल अशा माणसाचा लिहा.”

पेन दोनातोच्या हातात थांबलं. त्यानं बहिणीकडे पाहिलं. बहीण सरूच्या झाडाकडे बघू लागली. मग दोघांनीही मागे, भिंतीच्या अरुंद सावलीत उभ्या असलेल्या फेदोराकडे पाहिलं. तिचे केस अजून कालपरवाच्या खाऱ्या पाण्यानं राठ झालेले होते.

“तुझा नंबर काय?” दोनातोनं विचारलं. त्याच्या मोबाइलमध्ये ती ‘घर’ या नावानं होती. बटण दाबलं की लागायचा. आकडे त्यानं कधी बघितलेच नव्हते.

फेदोरा जवळ आली. “तीन, चार, सात,” ती सांगू लागली.

“थांब, हळू. पेन चालत नाहीये.”

“मग सावकाश लिही,” फेदोरा म्हणाली. “पाच वर्षं आहेत.”